घरातली फाईल घरातच पोचवा

गगनबावडा तालुक्यात पावसाळा आणि शाळा-कॉलेजचे प्रवेश एकाच वेळी येतात. जून उजाडला की मुलांना जातीचा दाखला लागतो, उत्पन्नाचा लागतो, रहिवासाचा लागतो, शाळा सोडल्याचा लागतो. हे सारे कागद आता अर्जासोबत संगणकावरून चढवावे लागतात. नेमक्या त्याच दिवसांत गगनगडावरून ढग खाली उतरतात, विजेचा लपंडाव सुरू होतो आणि मोबाईलची रेंज दिसेनाशी होते.

अशा दिवसांत आपल्या अनेक घरांत एकच चित्र दिसते. दाखल्याचा फोटो आबांच्या फोनमध्ये असतो. अर्ज भरायचा असतो ताईच्या लॅपटॉपवर. प्रिंटर जोडलेला असतो मुंबईच्या मामांनी ऑफिसातून आणून दिलेल्या जुन्या संगणकाला. तिन्ही यंत्रे एका छपराखाली, हाताच्या अंतरावर. पण आबांच्या फोनमधला कागद ताईच्या लॅपटॉपवर यायचा, तर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर चढवायचा, रेंजची वाट बघायची आणि मग दुसरीकडे उतरवायचा. रेंज नसेल तर पेन ड्राइव्ह शोधायचा. तोही नसेल तर एस.टी. धरून साळवणला किंवा थेट कोल्हापूरला जायचे. गगनबावडा ते कोल्हापूर अंतर सुमारे पंचावन्न किलोमीटर. म्हणजे ओसरीवरून माजघरात न्यायची वस्तू आपण जिल्ह्याच्या गावाला वळसा घालून नेतो. यात दिवस जातो, एका माणसाची मजुरी बुडते, आणि कधी कधी अर्जाची तारीखही हातची जाते.

हा वळसा टाळता येतो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. घरातली यंत्रे घरातल्या घरात एकमेकांशी जोडता येतात. हे कसे करावे, कुठे अडते आणि कोणती काळजी घ्यावी, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत.

रस्ता बंद झाला तरी गल्ली उघडी असते

रेंज गेली की आपण म्हणतो, 'नेटवर्क गेले'. या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. त्या वेगळ्या करून पाहिल्या की पुढचे सारे सोपे जाते.

कुंभी नदीला पूर आला की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येते आणि कोल्हापूरची वाहतूक थांबते. पण म्हणून वाडीतल्या वाडीत शेजारच्या घरी जायचे थांबते काय? मुळीच नाही. मोठा रस्ता वेगळा, गल्ली वेगळी. इंटरनेट हा मोठा रस्ता. घरातल्या यंत्रांना जोडणारे जाळे ही गल्ली. रस्ता बंद झाला तरी गल्ली चालूच असते.

घरात ज्या पेटीतून वाय-फाय मिळते तिला राउटर म्हणतात. हा राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडा देतो. जसे वाडीतल्या घरांना घर क्रमांक असतात तसेच. हा आकडा बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. असे आकडे खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवण्याचा नियम १९९६ साली पक्का झाला. त्यामुळे तुमच्या घरातला आकडा आणि कोल्हापुरातल्या एखाद्या घरातला आकडा एकच असला तरी घोटाळा होत नाही. तो आकडा फक्त त्या त्या घरापुरता असतो.

आबांच्या फोनने ताईच्या लॅपटॉपला फाईल द्यायची ठरवली, तर ती फोनमधून राउटरकडे जाते आणि राउटर ती लॅपटॉपकडे वळवतो. ती घराबाहेर जातच नाही. कंपनीची केबल झाड पडून तुटलेली असो, नाहीतर महिन्याचे पैसे भरायचे राहिलेले असोत, राउटरला वीज असली की हे काम होते.

आणि वीजही गेली तर? त्यालाही उपाय आहे. एका फोनवर हॉटस्पॉट सुरू करावा आणि लॅपटॉप त्याला जोडावा. मोबाईल डाटा बंद असला तरी चालतो. लॅपटॉपच्या पडद्यावर 'इंटरनेट नाही' अशी सूचना येईल. तिने घाबरून जाऊ नये. आपल्याला इंटरनेट नकोच आहे. त्या फोनने आता राउटरची जागा घेतलेली असते. फोन आणि लॅपटॉप दोन्ही बॅटरीवर चालत असल्याने अंधारातही फाईल पोचते. ज्या तालुक्यात कोल्हापूर जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस पडतो, तिथल्या माणसाने ही एक गोष्ट तरी शिकून ठेवलीच पाहिजे.

ही वाट कुणी पाडली?

एका संगणकातली फाईल दुसऱ्या संगणकात न्यायची, ही अडचण फार जुनी आहे. अमेरिकेत १९६९ साली दूरदूरचे संगणक जोडणारे पहिले मोठे जाळे सुरू झाले. पण प्रत्येक विद्यापीठातला संगणक वेगळ्या कंपनीचा. एकाची फाईल ठेवण्याची रीत दुसऱ्याला समजत नसे. तारेने जोडलेले, पण भाषा वेगळी, अशी त्यांची गत होती.

या अडचणीवर पहिला लेखी तोडगा एका भारतीय तरुणाने काढला. त्यांचे नाव अभय भूषण. कानपूरच्या आय.आय.टी.च्या पहिल्या तुकडीचे ते विद्यार्थी. पुढे ते अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये शिकायला गेले. तेथे त्यांनी एप्रिल १९७१ मध्ये फाईल पाठवण्याचे नियम लिहून काढले. कोणी मागायचे, कोणी द्यायचे, नाव आणि पासवर्ड कसा विचारायचा, फाईल पूर्ण पोचली हे कसे कळवायचे, असे ते नियम. त्यालाच एफ.टी.पी. म्हणतात. पुढची कित्येक वर्षे जगभरातल्या फाईली याच नियमांनी इकडून तिकडे गेल्या.

एकाच इमारतीतले संगणक वायरने जोडण्याची इथरनेट ही रीत अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीत रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये मांडली. राउटरच्या पाठीमागे जी वायर खोचतात ती याच घराण्यातली. फोन आणि पेन ड्राइव्ह ज्या यू.एस.बी. फटीत खोचतात, तिच्या मागेही आपल्या शेजारच्या राज्यातला माणूस आहे. बडोद्याला शिकलेले अजय भट्ट हे इंटेल कंपनीत यू.एस.बी. घडवणाऱ्यांपैकी प्रमुख. तिचे पहिले नियम १९९६ साली जाहीर झाले.

विंडोज संगणक एकमेकांना फोल्डर दाखवतात ती रीत मुळात आय.बी.एम. कंपनीत १९८०च्या दशकात तयार झाली. तिचे नाव एस.एम.बी. पण ती विंडोजबाहेरच्या संगणकांना कळत नसे. ऑस्ट्रेलियातले अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास स्वतः खटपट करून तिचा माग काढला आणि 'सांबा' नावाचा प्रोग्रॅम लिहून सर्वांना फुकट दिला. एस, एम आणि बी ही तीन अक्षरे ज्यात आहेत असा शब्द शोधताना त्यांना हे नाव सापडले. आज लिनक्सवरचा जुना संगणक आणि विंडोजचा नवा लॅपटॉप एकमेकांशी बोलतात ते या सांबामुळे.

वारणेने दिलेला धडा

आपल्या जिल्ह्यातही अशा जाळ्याचा एक मोठा प्रयोग होऊन गेला आहे. १९९८ साली वारणानगर परिसरातल्या सुमारे सत्तर गावांसाठी केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून गावागावांत संगणक बसवण्याची योजना आखली. उसाची नोंद, तोडणीची परवानगी, वजन आणि बिल यांची माहिती कारखान्यातून गावात आणि गावातून कारखान्यात जावी, हा तिचा मुख्य उपयोग झाला. शेतकऱ्याचा कारखान्याचा हेलपाटा वाचला.

पण गावातले संगणक जुने होत गेले. ते सांभाळणे, दुरुस्त करणे महाग पडू लागले. विजेची अडचण होतीच. तेव्हा २००६-०७ च्या सुमारास बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी साधा मोबाईल आणि एस.एम.एस. वापरून पाहिला. शेतकऱ्याने आपला क्रमांक पाठवायचा, कारखान्यातल्या संगणकाला जोडलेल्या फोनने उत्तर द्यायचे. तेवढ्यावर काम भागले.

या प्रयोगापासून घरानेही शिकण्यासारखे आहे. यंत्र किती भारी, हा प्रश्न दुय्यम. माहिती इकडून तिकडे जायची वाट सोपी आणि स्वस्त आहे काय, हे आधी पाहावे. म्हणून खालच्या तीन रीतींपैकी जी आपल्या घराला झेपेल तीच धरावी.

पहिली रीत : अ‍ॅपने पाठवणे

फोन आणि संगणक यांच्यात दोन-चार फाईली पाठवायच्या असतील तर ही रीत सर्वांत सोपी. 'लोकलसेंड' नावाचे एक फुकट अ‍ॅप आहे. ते अँड्रॉइड फोनवर, आयफोनवर, विंडोजवर आणि लिनक्सवरही चालते. खाते काढावे लागत नाही, जाहिराती नाहीत. दोन्ही यंत्रांवर ते बसवावे. दोन्ही यंत्रे एकाच वाय-फायला किंवा एकाच हॉटस्पॉटला जोडावीत. एका यंत्रावर फाईल निवडावी, समोर दुसऱ्या यंत्राचे नाव दिसेल त्यावर बोट ठेवावे. दुसऱ्या यंत्रावर 'घेऊ का?' अशा अर्थाचा प्रश्न येतो. त्याला होकार द्यावा. झाले काम.

अँड्रॉइड फोनमध्ये 'क्विक शेअर' नावाची सोय आधीपासून असते. पूर्वी तिचे नाव 'नियरबाय शेअर' होते, २०२४ मध्ये ते बदलले. विंडोजसाठीही ती मिळते. तीही चालेल.

मात्र एक लक्षात ठेवावे. अ‍ॅप उतरवण्यासाठी एकदा इंटरनेट लागतेच. ते काम मे महिन्यात, रेंज असताना उरकून घ्यावे. जुलैत आठवण झाली तर उपयोग नाही.

आपल्याकडे बरीच वर्षे शेअरइट आणि झेंडर या अ‍ॅपचा सुळसुळाट होता. लग्नाचे फोटो, जयंतीची गाणी, सारे त्यावरून फिरत असे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात ही दोन्ही होती. तरीही कुणी कुठून तरी मिळवून ती फोनमध्ये ठेवत असेल तर ती काढून टाकावीत. चोरवाटेने आलेल्या अ‍ॅपमध्ये आणखी काय दडले आहे, हे सांगता येत नाही.

दुसरी रीत : सामाईक फोल्डर

घरात दोन संगणक असतील आणि रोज फाईली न्यायच्या-आणायच्या असतील, तर एका संगणकावर सामाईक फोल्डर करून ठेवावा. आपण घराला ओसरी ठेवतो. आल्या-गेल्याने तिथे बसावे, पण आतल्या खोलीत जाऊ नये. सामाईक फोल्डर ही संगणकाची ओसरी समजावी. सगळे घर उघडायचे कारण नाही.

विंडोजवर हे असे करावे. 'घर' नावाचा एक नवा फोल्डर करावा. नाव इंग्रजी अक्षरांत लिहिले तर बरे. त्यावर माउसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडावे, तिथे 'शेअरिंग' आणि मग 'शेअर' दाबावे. कोणाला दाखवायचा ते निवडावे. नुसता पाहायचा की त्यात भरही घालायची, तेही तिथेच ठरवता येते. त्याआधी वाय-फायच्या सेटिंगमध्ये जाऊन हे जाळे 'प्रायव्हेट', म्हणजे घरचे, असल्याचे सांगावे. 'पब्लिक' असे राहिले तर संगणक दार बंदच ठेवतो. ते योग्यच आहे. एस.टी. स्टँडवरच्या वाय-फायला आपण आपली ओसरी का दाखवावी?

दुसऱ्या संगणकावर फाईल एक्स्प्लोररमध्ये वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा मारून पहिल्या संगणकाचे नाव लिहावे आणि एंटर दाबावे. नाव-पासवर्ड विचारला जाईल. तो पहिल्या संगणकावरच्या खात्याचा द्यायचा. इथे अनेकांचे गाडे अडते. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्या खात्याने विंडोज जाळ्यावरून आत येऊ देत नाही. म्हणून एक वेगळे खाते काढून त्याला पासवर्ड द्यावा.

जुना संगणक लिनक्सवर चालत असेल तर त्यावर सांबा बसवून अगदी असाच फोल्डर करता येतो. विंडोजला फरक कळतही नाही.

राउटर नसेल तर दोन संगणक लॅनच्या वायरने थेट एकमेकांना जोडले तरी हीच रीत चालते.

तिसरी रीत : साधी वायर

फोन आणि संगणक यांच्यात चार्जिंगची वायर लावावी. फोनच्या पडद्यावर सूचना येते, तिच्यात 'फाईल ट्रान्सफर' निवडावे. मग फोनचे फोल्डर संगणकावर दिसतात. काहीच दिसले नाही तर फोन बिघडला असे समजू नये. बाजारातल्या काही स्वस्त वायरींमध्ये फक्त वीज वाहणाऱ्या तारा असतात, माहिती वाहणाऱ्या तारा नसतातच. अशा वायरीने फोन चार्ज होईल, पण फाईल जाणार नाही. दुसरी वायर लावून पाहावी.

किती वेळ लागतो?

हिशेब करून पाहू. जयंतीचे दोनशे फोटो आहेत, एक फोटो चार एम.बी.चा. म्हणजे आठशे एम.बी. झाले.

राउटरला वायरने जोडलेल्या साध्या शंभर एम.बी.पी.एस.च्या लॅनवर सेकंदाला साधारण अकरा एम.बी. जातात. शंभर असताना अकराच का? कारण कंपनी बिटमध्ये मोजते आणि आपली फाईल बाइटमध्ये असते. आठ बिटांचा एक बाइट. त्यात थोडे जाण्यायेण्यात खर्च होते. या वेगाने आठशे एम.बी.ला सव्वा मिनिट पुरते. घरच्या साध्या वाय-फायवर सेकंदाला चार एम.बी. धरले तर साडेतीन मिनिटांच्या आत काम होते.

हेच फोटो मोबाईलच्या डाटावरून चढवायचे, आणि चढवण्याचा वेग दोन एम.बी.पी.एस. मिळाला असे धरू. मग नुसते चढवायला पाऊण तासाहून अधिक, जवळजवळ त्रेपन्न मिनिटे लागतात. पुन्हा उतरवायचे वेगळेच. चढवायला आठशे आणि उतरवायला आठशे, असा सोळाशे एम.बी. डाटा जातो. दिवसाला दीड जी.बी. देणारा पॅक त्यात संपून जातो. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप फोटो आवळून लहान करते. दाखल्यावरचा शिक्का आणि बारीक अक्षरे त्यात पुसट होतात. व्हॉट्सअ‍ॅपनेच पाठवायचे असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

अडते कुठे?

सर्वांत जास्त अडते ते जुन्या आणि नव्या यंत्रांच्या जोडीत. विंडोज एक्सपीचा जुना संगणक आणि नवा लॅपटॉप एकमेकांना ओळखत नाहीत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. याचे कारण असे. जुना संगणक एस.एम.बी.ची पहिली आवृत्ती बोलतो. त्या आवृत्तीत एक भगदाड होते. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा प्रोग्रॅम त्याच भगदाडातून जगभर पसरला. तो संगणकातल्या फाईली कुलूपबंद करून खंडणी मागत असे. इंग्लंडमधल्या सरकारी इस्पितळांची कामे त्याने ठप्प केली. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा उपाय मार्च २०१७ मध्येच दिला होता, पण अनेकांनी तो बसवला नव्हता. २०१७ च्या शेवटापासून नव्या विंडोज १० मध्ये ती जुनी आवृत्ती आपोआप येत नाही.

यूट्यूबवर काही जण ती पुन्हा चालू करण्याची युक्ती सांगतात. आमचे सांगणे आहे की तसे करू नये. बुजवलेले भगदाड पुन्हा पाडण्यासारखे ते आहे. त्यापेक्षा जुन्या संगणकावर हलके लिनक्स बसवावे. ते फुकट मिळते आणि पुन्हा दोघांची बोलाचाली सुरू होते.

काही जण 'होमग्रुप' शोधत बसतात. विंडोज ७ मधली ती सोय २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढून टाकली गेली. ती आता सापडणार नाही. सामाईक फोल्डर हाच तिचा पर्याय.

राउटरमध्ये 'गेस्ट', म्हणजे पाहुण्यांचे, वेगळे वाय-फाय असते. त्यावरची यंत्रे एकमेकांना बहुधा दिसत नाहीत. एक यंत्र घरच्या नावावर आणि दुसरे पाहुण्यांच्या नावावर असेल तर फाईल जाणार नाही. दोन्ही एकाच नावावर आणावीत.

पेन ड्राइव्हवर लग्नाची चित्रफीत जात नसेल तर ड्राइव्हची बांधणी पाहावी. फॅट३२ बांधणीच्या ड्राइव्हवर चार जी.बी.पेक्षा मोठी एक फाईल बसत नाही, मग ड्राइव्हमध्ये कितीही जागा असो. घरच्या जाळ्यावरून पाठवताना ही आडकाठी नसते.

फाईल आली, पण मराठी कुठे गेली?

एक अडचण खास आपली आहे. मंडळाचा जुना जमाखर्च, लग्नपत्रिका, सभेचे इतिवृत्त अशा फाईली एका संगणकावर नीट दिसतात आणि दुसऱ्यावर नेल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाईल खराब झाली असे समजून माणसे ती टाकून देतात. ती खराब झालेली नसते.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत मराठी संगणकावर आली ती पुण्याच्या सी-डॅकच्या आणि मॉड्युलर कंपनीच्या श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमधून. त्या फाँटमध्ये आतून अक्षरे इंग्रजीच्या क्रमांकांवर बसवलेली असत. फाँट असेल तर 'क' दिसे, नसेल तर कुठले तरी इंग्रजी चिन्ह. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक ठरले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, ज्यात जगातल्या अनेक लिप्यांच्या अक्षरांना स्वतःचा क्रमांक मिळाला. देवनागरीलाही मिळाला. युनिकोडमध्ये लिहिलेली फाईल कोणत्याही नव्या संगणकावर मराठीतच उघडते.

म्हणून जुनी फाईल टाकू नये. जुना फाँट बसवून ती उघडावी, किंवा ती युनिकोडमध्ये पालटून घ्यावी. तशी साधने मिळतात. डी.टी.पी.च्या दुकानात काही टाइप करून घेतले तर दोन गोष्टी मागून घ्याव्यात, युनिकोडमधली फाईल आणि तिची पी.डी.एफ. पी.डी.एफ.मध्ये फाँट सहसा सोबतच जातो, त्यामुळे ती सगळीकडे तशीच दिसते.

आजोबांचा दाखला किती ठिकाणी आहे?

हे सारे कशासाठी करायचे? गाणी आणि फोटो हा एक भाग झाला. खरा प्रश्न कागदांचा आहे. अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्राच्या पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. तो बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदीचा नाहीतर जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा असतो. आपल्या घरांत शाळेत गेलेले पणजोबा थोडेच. त्यामुळे असा उतारा एखाद्याच चुलत्याकडे असतो आणि सारी भावकी त्याच्यावर अवलंबून असते. तो पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला कागद पत्र्याच्या पेटीत असतो. त्याचा फोटो काढला असेल तर तो एकाच फोनमध्ये. तो फोन पाण्यात पडला की संपले.

ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात महापूर आला तेव्हा किती घरांतले कागद चिखलात गेले, हे आपण पाहिले आहे. मूळ कागदाची जागा फोटो घेऊ शकत नाही, अधिकाऱ्यापुढे मूळच दाखवावा लागतो. पण फोटो जवळ असला की नोंद कोणत्या शाळेतली, कोणत्या क्रमांकाची, हे कळते आणि नवा उतारा मागता येतो.

तेव्हा असा प्रत्येक कागद दिवसाच्या उजेडात, सपाट जागी ठेवून फोनने टिपावा. फाईलला व्यक्तीचे नाव, कागदाचे नाव आणि वर्ष द्यावे. 'आय.एम.जी. ४५१' अशा नावाची फाईल गरजेच्या वेळी कुणालाच सापडत नाही. मग ती फोनवरून दोन्ही संगणकांवर पाठवावी आणि एक प्रत घराबाहेर, मुंबई-पुण्याच्या विश्वासू नातेवाइकाकडे ठेवावी. नुसता सामाईक फोल्डर केला म्हणजे दोन प्रती झाल्या असे नव्हे. सामाईक फोल्डरमधली फाईल एकाच संगणकावर असते, दुसरा ती फक्त पाहतो. दोन्हीकडे कॉपी केली तरच दोन प्रती.

पाठवताना 'कट' करू नये, 'कॉपी' करावी. पलीकडे पोचलेली फाईल उघडून, शिक्का आणि सही वाचता येते हे पाहावे, तोवर अलीकडची पुसू नये. मध्येच वीज गेली तर अर्धवट फाईल पोचते आणि नाव मात्र पूर्ण दिसते.

कागद खासगी आहेत हेही विसरू नये. आधार, बँकेचे पासबुक, जातीचा दाखला हे बाहेरच्या दुकानातल्या संगणकावर ठेवून येऊ नये. तिथे छापून घ्यावे लागले तर काम झाल्यावर फाईल पुसून घ्यावी आणि रिसायकल बिनही रिकामा करून घ्यावा. बाहेर लावलेला पेन ड्राइव्ह घरी आल्यावर आधी व्हायरससाठी तपासावा. घरच्या वाय-फायचा पासवर्ड दारावर लिहून ठेवू नये. ज्याला वाय-फाय मिळाले तो गल्लीत आला, हे ध्यानात असावे.

कुणी शिकायचे?

घरात हे काम एकट्या मुलाला येत असेल तर तो पुण्याला नोकरीला गेला की घर पुन्हा जिथल्या तिथे येते. एम.एस.-सी.आय.टी.चा अभ्यासक्रम २००१ पासून चालू आहे. त्याचे प्रमाणपत्र आपल्या किती तरी मुला-मुलींनी मिळवून ट्रंकेत ठेवले आहे. ते ज्ञान घरातल्या आई-आजीच्या हातात उतरले पाहिजे. ज्या आईला बचत गटाचा हिशेब येतो, तिला फोनवरून संगणकावर फाईल पाठवणे मुळीच अवघड नाही. एकदा ताईने करून दाखवावे, दुसऱ्यांदा आईने करावे आणि ताईने नुसते बघावे.

पाऊस सुरू होण्याआधीचा एखादा रविवार यासाठी काढावा. पेटीतले कागद बाहेर काढावेत, फोटो टिपावेत, नावे द्यावीत, तिन्ही यंत्रांवर अ‍ॅप बसवावे. मग मुद्दाम इंटरनेट बंद करून एक फाईल आबांच्या फोनवरून लॅपटॉपवर पाठवून बघावी. ती पोचली की शेजारच्या घरी जाऊन त्यांनाही दाखवावे. वाडीतल्या चार घरांनी एवढे केले तरी येत्या जुलैत निदान त्या चार घरांतल्या मुलांचे अर्ज कागदासाठी अडणार नाहीत.